पंचनाम्यात नसलेला रकाना

सरकारी नोकरीत मला सतराअठरा वर्षे झाली. इतक्या वर्षांत किती अर्ज, किती फॉर्म हातांखालून गेले त्याची गणती नाही. बहुतेक विसरलेही. एक फॉर्म मात्र अजून डोळ्यांसमोर उभा राहतो. नैसर्गिक आपत्तीत झालेल्या नुकसानीचा पंचनामा. घर पूर्ण पडले की अंशतः, भिंती मातीच्या की चिऱ्याच्या, छप्पर कौलांचे की पत्र्याचे, गुरे किती वाहून गेली, भात किती क्षेत्रातले कुजले, माड किती, पोफळी किती. खाली तलाठ्याची सही, पंचांच्या सह्या, तारीख. माणूस मेला असेल किंवा जखमी झाला असेल तर त्याची नोंद होते. ज्याला खरचटलेसुद्धा नाही त्याला त्या कागदावर जागा नाही. तो वाचला, म्हणजे त्याचे काही गेले नाही असे कागद धरून चालतो.

आज त्या नसलेल्या रकान्याविषयी लिहायचे आहे.

२ ऑक्टोबर २००९ हा दिवस काणकोणची माणसे विसरणार नाहीत. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. गांधी जयंतीची सुट्टी शुक्रवारी आलेली, म्हणजे आम्हा नोकरदारांना सलग तीन दिवस मोकळे. पाऊस आता परतीच्या वाटेला लागला असे सगळे धरून चालले होते. आणि त्या दिवशी काणकोणात आभाळ फाटले. काही तासांत तळपण आणि गालजीबाग या एरवी शहाण्यासारख्या वाहणाऱ्या नद्या काठ सोडून वाड्यांत शिरल्या. डोंगराच्या कडा सुटून खाली आल्या. कापणीला आलेले भात आडवे झाले, कुळागरांत गाळ आणि दगड भरले, शेकडो घरांचे नुकसान झाले. दोन आठवड्यांवर दिवाळी होती.

मी त्यावेळी एल.डी.सी. म्हणून नवीनच लागले होते. दक्षिण गोव्यातल्या एका कचेरीत माझे टेबल होते आणि नुकसानभरपाईचे काही कागद त्या टेबलावरून जात असत. मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी, फाईलवर टिपण कसे लिहायचे हेच अजून शिकत होते. लोक येत, काउंटरपलीकडे उभे राहत, आपली फाईल कुठे पोचली विचारत आणि जात. बसायला खुर्ची नव्हती. ती असावी असे माझ्याही मनात आले नव्हते.

त्यांच्यात एक काका होते. साठीच्या आसपासचे, खांद्यावर टॉवेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांचे कुळागर गाळाखाली गेले होते. घरात माणूस एकही गेला नव्हता. दर सोमवारी ते यायचे. "बाय, म्हजी फायल खंय पावली?" मी सांगायची. मग ते लगेच निघायचे नाहीत. पाणी कुठून आले, आधी आवाज कसला झाला, गोठ्यातली गाय कशी ओरडली, ते सांगत राहायचे. दर सोमवारी तेच, त्याच क्रमाने. मागे माणसे खोळंबलेली असत. मी मान हलवत दुसऱ्याचा कागद हातात घ्यायची.

काही महिन्यांनी त्यांचा धनादेश निघाला. त्यानंतरच्या सोमवारी काका पुन्हा हजर! मला वाटले रक्कम कमी वाटली असेल. तसे काही नव्हते. पुढच्या सोमवारीही आले. तेव्हा मी, कामाच्या गर्दीत आणि त्या वयाच्या ताठ्यात, त्यांना म्हणाले, "काका, तुमची फायल बंद जाल्या. आतां येवपाची गरज ना." ते माझ्याकडे बघत राहिले, पिशवीला गाठ मारली आणि गेले. नंतर कधी आले नाहीत. काम संपले म्हणून मला बरेच वाटले, हे कबूल करायला हवे.

पुढच्या पावसाळ्यात त्यांची सून एका दाखल्यासाठी आली. मी सहज काकांची चौकशी केली. ती म्हणाली, "पावस सुरू जालो काय ते न्हिदनात." हातात बॅटरी घेऊन रात्रभर अंगणात उभे राहतात, पाणी कुठवर आले ते बघत. आजूबाजूला पाणी नसले तरी. घरात कोणी पुराचे नाव काढलेले मुलाला चालत नाही, म्हणून गप्प असतात. आधी सोमवारी कचेरीत जाऊन यायचे तेव्हा जरा बरे असायचे म्हणे.

मी त्या दिवशी तिचा दाखला अर्ध्या तासात करून दिला. तेवढेच माझ्या हातात होते असे मला तेव्हा वाटले.

काकांना काय झाले होते हे ठरवायला मी डॉक्टर नव्हे. पण त्यानंतर या विषयावर जे जे हाताला लागले ते वाचत गेले, आणि लक्षात आले की काका अपवाद नव्हते. मोठ्या संकटातून वाचलेल्या माणसांना झोप न लागणे, जरा आवाज झाला की दचकणे, तेच तेच दृश्य पुन्हा दिसणे, छातीत धडधडणे, कशातच गोडी न वाटणे, हे सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरतेही. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पूर आला म्हणजे सगळे गाव मनोरुग्ण झाले असे समजण्याचीही एक चूक असते. पण थोड्यांचे ते ओसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार युद्धे आणि सशस्त्र संघर्ष यांच्या छायेत राहिलेल्या लोकसंख्येत पाचांतल्या एकाला नैराश्य, तीव्र चिंता किंवा आघाताचा असा काही विकार असतो. हे थोडे लोक ओळखायचे कोणी आणि कधी, हा खरा प्रश्न.

आपल्या देशाने हा धडा फार महागात घेतला आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायुगळती झाली तेव्हा डोळे आणि फुप्फुसे यांच्यापलीकडे कोणाचे लक्ष नव्हते. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी दवाखान्यांत येणाऱ्या वायुग्रस्तांना तपासले, तर साधारण पाचांतला एक मनाच्या विकाराने पिडलेला निघाला. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? मग तिथल्या साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच या कामाचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा कच्छचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या प्रत्येक वेळी बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांनी ही रीत आणखी खाली नेली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, गावातले स्वयंसेवक यांना शिकवून त्यांच्याकडूनच घरोघर विचारपूस होऊ लागली.

आणि आपल्या मराठी मुलखातले किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटे कमी. गणपतींचे विसर्जन आटोपून दमलेली माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर आले आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्याकडेही चवथ नुकतीच होऊन गेली होती, आणि रेडिओवरची ती बातमी ऐकून आईने हातातले काम तसेच टाकलेले आठवते. या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पाखाली अभ्यास झाला आणि त्याचे प्रमुख संशोधक होते डॉ. मोहन आगाशे. आपण त्यांना 'घाशीराम कोतवाल'मधले नाना म्हणून ओळखतो. ते मुळात मनोविकारतज्ज्ञ, हे अनेकांना ठाऊक नसते.

किल्लारीची गोष्ट मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. तिथली बावन्न गावे पूर्ण उठवून नव्या जागी वसवली गेली. मदत भरपूर आली, घरे मजबूत झाली, आणि ते व्हायलाच हवे होते. पण नव्या गावांचा नकाशा चौकटी-चौकटींचा, रस्ते रुंद, घरे एकमेकांपासून लांब. जुन्या गावात बोळ होते, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावरच्या बाईशी बोलता येत होते, संध्याकाळी पारावर माणसे जमत होती. शिवाय भूकंपानंतर दगडी भिंतींचीच भीती बसून किती तरी लोक घर असून बाहेर पत्र्याखाली झोपत राहिले. आराखडा काढणाऱ्याने भूकंपात न पडणारे घर काढून दिले. ज्या शेजारणीच्या खांद्यावर डोके टेकून रडायचे ती मात्र अर्धा मैल लांब गेली.

मी कारकून आहे म्हणून मला हे जास्त दिसते. पुनर्वसनाचा प्लॉट कोणाला कुठला द्यायचा हे कागदावर ठरते. आम्ही तो यादीप्रमाणे देतो, चिठ्ठ्या काढून देतो, आणि न्याय झाला असे समजतो. पण एका वाड्यावरची दहा घरे शेजारी-शेजारी ठेवणे हेसुद्धा मनावरचे औषध आहे आणि त्याला एक पैसा जास्त लागत नाही. केरळात ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळून मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे गाडली गेली. तिथे समुपदेशक पहिल्या दिवसांपासून छावण्यांत होते, आणि पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी कल्पेट्टाजवळ एकच वसाहत उभारायचे सरकारने ठरवले. घरे किती दिवसांत झाली, कशी झाली, यावर वाद होतील. लोकांना एकत्र ठेवायचे ही दिशा मात्र मला योग्य वाटते.

या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००७ मध्ये मिळून काही मार्गदर्शक तत्त्वे केली. त्यात मदतीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ती वाचताना मला आमच्या देवळापुढचा दीपस्तंभ आठवला, खाली रुंद आणि वर निमुळता. सगळ्यांत खालचा, सगळ्यांत रुंद थर म्हणजे अन्न, निवारा, पाणी आणि सुरक्षितता, आणि ती देताना माणसाचा मान राखणे. त्याच्यावर कुटुंब आणि गाव यांचा आधार. त्याच्यावर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केलेली विचारपूस. आणि अगदी टोकाला, थोड्यांसाठी, मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे. आपण काय करतो? संकट आले की टोकावरची पणती लावायला धावतो, नाहीतर काहीच लावत नाही. खालच्या थरात मी बसते, माझ्यासारखे काउंटरवरचे शेकडो लोक बसतात, आणि आम्हाला कोणी कधी सांगितलेले नाही की तुम्हीही त्या दीपस्तंभाचा भाग आहात.

ज्याचे घर वाहून गेले त्याला आपण "आधार कार्डाची झेरॉक्स आणा" म्हणतो. ती पुरात गेली हे त्याने चौथ्यांदा सांगायचे असते. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवताना प्रत्येक ठिकाणी त्याला तीच कहाणी पहिल्यापासून उगाळावी लागते. पूर्वी तज्ज्ञांचीही समजूत होती की आघात झालेल्याला पहिल्या काही दिवसांतच एका बैठकीत सगळे ओकायला लावावे. नंतरच्या अभ्यासांत दिसले की त्याचा फायदा होत नाही, काहींना उलट त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचे जे पुस्तक काढले त्यात सांगितले ते इतकेच: आधी बघा, मग ऐका, मग योग्य ठिकाणी जोडून द्या. माणूस बोलेल तर ऐकायचे, नाही बोलला तर खोदायचे नाही. काकांना जेव्हा बोलायचे होते तेव्हा मी ऐकले नाही. उलट ज्यांना गप्प बसायचे होते अशा कित्येकांना आम्ही फॉर्म भरण्यापायी बोलायला लावले.

यावर दोन प्रकारची माणसे दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही माझ्या घरातच आहेत.

एक म्हणतील, आपल्याकडे हे सगळे होतेच की. गाव देवळात जमतो, देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते, जे गावाला जड गेले ते मोठ्याने बोलून सगळ्यांनी मिळून 'व्हय महाराजा' म्हणायचे. भजन आहे, जत्रा आहे, मरणाला दहा दिवस येऊन बसणारे भावकीतले आहेत. खरे आहे. यात जे शहाणपण आहे ते पुस्तकांनीही मानले आहे, दुसरी पायरी ती हीच. पण ज्या गावचे देऊळच पाण्यात गेले, जिथे भजनी मंडळातले चौघे आपापल्या घरांचा गाळ काढताहेत, तिथे ही घडी पुन्हा बसायला वेळ लागतो. आणि सगळ्यांनाच गावाची ही ऊब मिळते असेही नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण मेले. बहुतेक परप्रांतीय मजूर. त्यांच्याबरोबर काम करणारे, ढिगाऱ्यातून हात बाहेर आलेले बघणारे सोबती पुढच्या कामावर, पुढच्या राज्यात गेले. त्यांचे गाऱ्हाणे कोणत्या देवळात घालायचे होते?

देवळाच्या दारातच संकट आले तर काय, हा प्रश्नही २०२५ ने आपल्यापुढे टाकला. ३ मेच्या पहाटे शिरगावला श्रीलईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. व्रत धरून, सोवळ्याने गेलेली माणसे. वाचलेल्या धोंडांच्या मनात काय काय असेल? माझ्या हातून धक्का लागला का, माझे व्रतात काही चुकले का, पुढच्या वर्षी जावे की न जावे. असे प्रश्न माणूस डॉक्टरला विचारायला जात नाही. तो ते बरोबरच्या धोंडालाच विचारील. म्हणूनच त्या बरोबरच्याला काय बोलावे आणि काय बोलू नये हे थोडे तरी शिकवलेले असले पाहिजे. "देवीची इच्छा" एवढे म्हणून विषय मिटवला, की ऐकणाऱ्याला वाटते, म्हणजे माझेच चुकले.

दुसरा आक्षेप असा, की हे काम शिकलेल्या डॉक्टरांचे, त्यात ऐऱ्यागैऱ्याने पडू नये. याचे उत्तर मात्र खुद्द गोव्यातच मिळालेले आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! १९९६ साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने, जिच्या संस्थापकांत डॉ. विक्रम पटेल आहेत, २००७ ते २००९ या काळात गोव्यातल्या २४ दवाखान्यांत 'मानस' नावाचा एक प्रयोग केला. १२ सरकारी आरोग्य केंद्रे, १२ खासगी डॉक्टर, दोन हजार सातशेहून अधिक रुग्ण. अंग दुखते, चक्कर येते, झोप नाही अशा तक्रारी घेऊन आलेल्यांत नैराश्य आणि चिंता कोणाला आहे ते साध्या प्रश्नांनी ओळखायचे आणि मग त्यांच्याशी बोलायचे. बोलणाऱ्या होत्या इथल्याच पदवीधर तरुणी. आरोग्यसेवेशी आधी संबंध नाही, फक्त दोनेक महिन्यांचे प्रशिक्षण. गरज पडली तर डॉक्टर आणि तज्ज्ञ पाठीशी. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत जिथे या मुली होत्या तिथे सहा महिन्यांनी शंभरांतले ६६ रुग्ण बरे झालेले आढळले. जिथे नव्हत्या तिथे ४२-४३. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, तेही प्रामाणिकपणे नोंदले गेले. जगभर आज या प्रयोगाचे दाखले देतात. माझ्यासारख्याच बी.ए. झालेल्या गोव्याच्या मुलींनी हे करून दाखवले. माझ्या टेबलावर काका उभे होते तेव्हा काही मैलांवरच्या आरोग्य केंद्रांतून हे काम नुकतेच होऊन गेले होते. त्या टेबलापासून तिकडे जायची वाट मात्र कोणी आखलेली नव्हती.

योगायोग बघा, काणकोणचा पूर २००९ च्या ऑक्टोबरातला, आणि आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे कागद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे. बांबोळीला मनोविकार रुग्णालय आहे. पूर्वी ते पणजीत आल्तिनोवर असताना 'ह्याला आल्तिनोला नेऊन ठेवा' ही आमच्याकडे शिवी होती, आणि अजून पुष्कळांचे पाय त्या शिवीमुळेच अडखळतात. ज्या गोव्यातल्या कांदोळीला १७५६ साली आबे फारिया जन्मला, माणसाच्या मनाची ताकद दाखवून ज्याने पॅरिस गाजवले आणि ज्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आपण रोज बघतो, तिथे ही लाज का असावी कळत नाही. काकांना मी तेव्हा 'बांबोळीला जा' म्हटले असते तर ते गेले असते का? मुळीच नाही. पण आरोग्य केंद्रातली एखादी मुलगी त्यांच्या अंगणात जाऊन बसली असती, तर कदाचित त्यांनी बॅटरी खाली ठेवली असती.

मग मागायचे काय? मोठ्या योजना मागण्यात अर्थ नाही. त्या कशा फिरतात हे मी आतून बघितले आहे. मला तीनच गोष्टी हव्यात.

पहिली, पंचनाम्यात एक रकाना. रोगाचे नाव लिहायला नको, तो तलाठ्याचा अधिकारही नाही. फक्त एवढेच, की या घरी पुन्हा भेट द्यायला हवी का: हो की नाही. ज्या घरात लहान मूल गेले, जिथे म्हातारी एकटी उरली, जिथे कर्ता पुरुष बोलेनासा झाला किंवा दारूला लागला, तिथे 'हो'. ती यादी त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राकडे जावी आणि गावात ती वाचून दाखवली जाऊ नये.

दुसरी, परत जाणे. पहिल्या पंधरा दिवसांत मंत्री येतात, वर्तमानपत्रवाले येतात, तांदूळ येतो, चादरी येतात. दोन महिन्यांनी कोणी येत नाही. माणूस खरा एकटा पडतो तो तेव्हा. नंतर पहिला पाऊस येतो, वर्षश्राद्ध येते, दिवाळी येते, आणि सगळे पुन्हा वर उफाळते. म्हणून एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर, अशा तीन भेटी. तेच माणूस तिन्ही वेळा गेले तर उत्तम. आशा सेविका नसतील तिथे आरोग्य केंद्रातली परिचारिका, अंगणवाडीतली बाई, शाळेतला शिक्षक. काय विचारायचे हे दोन दिवसांत शिकवता येते, ते शिकवणारे गोव्यातच आहेत.

तिसरी, आम्हाला शिकवा. मामलेदार कचेरीतले कारकून, तलाठी, पंचायत सचिव, अग्निशमन दलाचे जवान. जवानांचे तर वेगळेच दुःख. प्रेते तेच काढतात आणि दुसऱ्या दिवशी झाड पडले म्हणून निघतात. त्यांना कोण विचारते? म्हादईचा पूर २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरीत शिरला तेव्हा छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना काढणारी गावातली पोरेसुद्धा याच यादीत धरायला हवीत. वर्षातून एक दिवस सगळ्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवला, पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत होड्या आणि दोरखंड मोजतो तसे हेही मोजले, तर खजिना काही रिकामा होणार नाही.

यातले सरकार केव्हा काय करील ते मी सांगू शकत नाही. कारकुनाने सरकारची हमी देऊ नये, एवढे नोकरीत शिकले. पण काही गोष्टींना शासननिर्णय लागत नाही. तुमच्या वाड्यावर ज्या घरी संकट येऊन गेले तिथे चौथ्या महिन्यात जा. "विसरून जा आता" असे म्हणू नका. तेच तेच सांगतात म्हणून उठू नका, कारण पुन्हा पुन्हा सांगत असतील तर त्यांचे अजून सांगून झालेले नाही. झोप अनेक महिने नाही, जेवण सुटले, मरणाच्या गोष्टी बोलतात, असे दिसले तर मात्र गप्प बसू नका. आरोग्य केंद्रात बरोबर जा, किंवा त्यांच्याजवळ बसून १४४१६ लावून द्या. 'जाऊन या' म्हणण्यात आणि बरोबर जाण्यात फार अंतर आहे.

काका आता नाहीत. वयाने गेले, चार-पाच वर्षांपूर्वी. सुनेकडून उशिराच कळले. मी त्यांच्या घरी कधी गेले नाही, हे लिहिताना अजूनही जड जाते. मधल्या काळात माझ्या बदल्या झाल्या, टेबले बदलली. एक सवय मात्र मी लावून घेतली आहे. जिथे जाते तिथे टेबलासमोर एक जादा खुर्ची मागून घेते. स्टोअरवाला कुरकुरतो, इन्व्हेंटरीत बसत नाही म्हणतो. मग मी त्याला सांगते, फाईल बंद झालेली माणसे येतात, त्यांना बसायला लागते.